पदराआडचे सहा आवाज

माझ्या घरावर ज्यांचं ऋण आहे, त्यांतल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाही. काहींची नावं परदेशी नियतकालिकांत वाचली, तर काहींची मुंबईतल्या एका ग्रंथालयात, जाड पुठ्ठ्याच्या प्रबंधांच्या पहिल्या पानावर. त्यांतल्या कुणी सोनारीचं नाव ऐकलं असेल असं वाटत नाही. वाक्, भाषा आणि श्रवण या विषयांत कोण किती संशोधन करतं याचे हिशेब मांडले जातात: किती निबंध छापले, ते किती जणांनी वापरले, कोणती संस्था पुढे आहे. मी त्याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे ते हिशेब माझ्याही नजरेखालून जातात. पण माझा हिशेब वेगळा आहे. त्या निबंधांपैकी काही आमच्या माळवदाच्या घरापर्यंत येऊन पोचले. माझ्या धाकट्या भावाच्या तोंडी शब्द आले ते त्यांच्यामुळे, आणि आईच्या डोक्यावर वर्षानुवर्षं असलेला आळ उतरला तोही त्यांच्यामुळेच.

सोनारी परंडा तालुक्यात. जिल्हा तेव्हा उस्मानाबाद, आता धाराशिव. गाव भैरवनाथाचं. कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत, त्यामुळे चैत्रातल्या यात्रेला लांबलांबून माणूस येतो, हलग्या वाजतात, गुलालानं रस्ते लाल होतात. देवळाभोवती वानरांचा राबता. ती देवाची म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही.

माझा हा धाकटा भाऊ, बारक्या, १९८६ च्या सुरुवातीला जन्मला. घरात सगळे त्याला अजून बारक्याच म्हणतात. यात्रेत आजी त्याला कडेवर घेऊन हलगीसमोर उभी राहायची आणि तो खुदकन हसायचा. घरी ती त्याच्या पाठीमागे ताट आपटायची, तो वळून बघायचा. ‘ऐकू येतंय की लेकराला. ह्याचा मामा बी उशिराच बोलला,’ असं ती ठासून सांगायची. तिचं निरीक्षण खरंच होतं. बहिरेपण घरात उशिरा कळतं ते यामुळेच. हलगीचा ठोका छातीवर बसतो, ताट आपटलं की सारवलेली जमीन हादरते, कडेला सावली हलते, आणि बाळ या सगळ्याला दाद देतं. कानाचं काम त्वचा आणि डोळे इतकं बेमालूम करतात की आईसुद्धा फसते. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनीही ‘बोलेल, थांबा’ असं सांगून परत पाठवलं. बारक्या चार वर्षांचा होत आला तेव्हा कुठे बार्शीच्या एका कानाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. पत्ता होता मुंबईचा, वांद्रे रिक्लेमेशनचा: अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण विकलांग संस्थान.

तोपर्यंत गावानं आणि घरानं आपापलं निदान करून टाकलं होतं. १९८५ च्या ऑक्टोबरात खग्रास चंद्रग्रहण झालं. आई तेव्हा पोटुशी. त्याच रात्री गोठ्यात म्हैस व्यायला लागली, वडील शेतावर होते, म्हणून आई कंदील घेऊन बाहेर आली. एवढंच घडलं होतं. पण बारक्याला ऐकू येत नाही हे पक्कं झाल्यावर ती रात्र सगळ्यांना आठवली. आजी भांडून कधी बोलली नाही. ती फक्त म्हणायची, ‘मी सांगत हुते, भाईर जाऊ नगंस.’ आजी आईची सख्खी आत्या. वडिलांनी मामाची मुलगी केली होती, आमच्याकडे ते भूषणच. त्यामुळे आईला तिच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. ती कामाला लागली.

कुर्डुवाडीपर्यंत एसटी, तिथून रात्रीची रेल्वे. वांद्र्याची संस्था तेव्हा नवीच होती. ९ ऑगस्ट १९८३ ला ती सुरू झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना वारलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलेलं. त्याच मुंबईत माझगावला बहिऱ्या मुलांची शाळा १८८५ साली निघाली होती, देशातली पहिली. म्हणजे शाळा निघाल्यापासून शंभराहून अधिक वर्षांनी आमचा परंडा तालुका त्या शहरातल्या कानाच्या विद्येपर्यंत पोचला. तिथल्या एका बाईंनी बारक्याला तपासलं. दोन्ही कान. खालच्या पट्टीतले आवाज खूप मोठे केले तर त्याला थोडे कळत होते, वरच्या पट्टीतलं जवळजवळ काहीच नाही. छातीवर बांधायचं पॉकेट मॉडेलचं श्रवणयंत्र मिळालं, कानाच्या मापाचा साचा झाला. मग बाईंनी आईला समोर बसवलं आणि सहा आवाज शिकवले. आ, ऊ, ई, श, स, म.

हे सहा आवाज डॅनियल लिंग यांनी दिलेले. कॅनडात माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात ते काम करत. बहिऱ्या मुलांना बोलायला कसं शिकवावं यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक १९७६ साली निघालं. त्यात पाच आवाज होते, ‘म’ नंतर जोडला गेला. बोलण्यात जेवढ्या उंचीचे आवाज येतात तेवढा सगळा पल्ला या सहांत येतो. ‘म’ आणि ‘ऊ’ अगदी खालचे, ‘आ’ मधला, ‘श’ वरचा, ‘स’ त्याहून वरचा. ‘ई’ची गंमत अशी की त्याचा एक भाग खाली असतो आणि एक बराच वर. ज्याला वरचं ऐकू येत नाही त्याला ‘ई’ आणि ‘ऊ’ सारखेच वाटतात. कुठलंही यंत्र नको, वीज नको, इंग्रजी नको. बाळाला ओठ दिसू द्यायचे नाहीत आणि एकेक आवाज काढायचा. एवढ्यावर त्याच्या कानाचा त्या दिवसाचा नकाशा मिळतो.

ओठ का झाकायचे, हेही बाईंनी करून दाखवलं. ‘बाबा’ म्हणा, मग ‘मामा’ म्हणा, मग ‘पापा’, आणि आरशात बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात. बारक्या वडिलांना आणि मामांना एकाच हाकेनं बोलवायचा, त्याचं कारण त्या आरशात सापडलं.

आई चौथी शिकलेली. धारा काढून झाल्या की ती बारक्याला उंबऱ्याशी बसवायची. त्याच्यापुढे वाटी आणि मूठभर चिंचोके. ती पातळ पदर तोंडापुढे धरायची आणि म्हणायची, ‘आ’. ऐकू आलं की त्यानं एक चिंचोका वाटीत टाकायचा. ‘ऊ’, चिंचोका. ‘म’, चिंचोका. ‘श’, काही नाही. ‘स’, काही नाही. कधी एकाही आवाजाला चिंचोका पडला नाही तर समजायचं की सेल संपला किंवा वायर आतून तुटली, आणि मी परंड्याला पेन्सिल सेल आणायला जायचे. वानरं लोंबणारी वायर ओढतील म्हणून आईनं सदऱ्याच्या आत खिसा शिवला. मग कापडानं आवाज घुसमटतो हे वांद्र्याला कळल्यावर त्या खिशाला पुढून जाळी लावली. पुढे बाईंनी सांगितलं, आता नुसता चिंचोका नको, ऐकलेला आवाज त्याला म्हणायला लावा. आईनं ‘ई’ म्हटलं की तो ‘ऊ’ म्हणायचा. गावाचं नाव म्हणताना त्याच्या तोंडून ‘ओनाऊ’ निघायचं. पहिला ‘स’ त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसायचा, आणि शेवटची ‘री’ अर्धीच पोचलेली असायची. ‘ओनाऊ’ ही चूक नाही, त्याला जेवढं मिळालं तेवढं त्यानं बिनचूक परत केलंय, असं बाई म्हणाल्या. हे वाक्य मला त्या वयातही कळलं. मी या क्षेत्रात आले ती त्या वाक्यामुळे.

त्या बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. एकदा त्यांनी बारक्यापुढे चित्रं मांडली आणि एकेक शब्द म्हटला. ‘जहाज’ आलं तेव्हा तो नुसता बघत राहिला. आई कासावीस झाली. बाईंनी मात्र आपल्या कागदावरचा तो शब्द खोडला आणि आईला विचारलं, ‘तुमच्याकडे हा रोज काय काय बघतो?’ आई सांगत गेली: वांदर, चिंच, घागर, बैल, भाकर. बाईंनी लिहून घेतलं. पुढच्या खेपेला त्या शब्दांची हातानं काढलेली चित्रं तयार होती.

शब्दांच्या याद्यांमागे किती काम असतं ते मला पुढे शिकताना समजलं. कान तपासायला नुसती शिट्टी पुरत नाही, माणसाचं बोलणं किती ऐकू येतं हे बघावं लागतं आणि त्यासाठी शब्द लागतात. इंग्रजीत या याद्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हार्वर्डला झाल्या. त्या आपल्या मुलाला वाचून दाखवल्या तर कान तपासला जात नाही, त्याचं इंग्रजी तपासलं जातं. म्हणून प्रत्येक भाषेला आपली यादी स्वतः करावी लागते. शब्द लहान मुलाला माहीत हवा, त्याचं चित्र काढता यायला हवं. रोजच्या मराठीत ज्या प्रमाणात ‘त’, ‘ट’, ‘ळ’, ‘ण’, ‘ख’, ‘भ’ येतात, साधारण त्याच प्रमाणात यादीत यायला हवेत. एक शब्द सहज ऐकू येतो आणि दुसरा कष्टानं, असं चालत नाही, सगळ्यांची पातळी एक हवी. मग ध्वनिमुद्रण करायचं, चांगलं ऐकू येणाऱ्या मुलांवर यादी तपासायची, न बसणारे शब्द काढायचे, नवे घालायचे, पुन्हा तपासायची. हे काम आपल्याकडे बहुतांशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी केलं आहे, परीक्षेसाठीच्या प्रबंधात. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत, मुंबईत, आणखी कुठे कुठे. पदवी मिळाली की प्रबंध कपाटात जातो. जगाच्या मोजदादीत त्याची नोंद क्वचितच होते. पण उद्या कुणी मराठी मुलासमोर बसला तर त्याच्या हातातला कागद त्या कपाटातून आलेला असतो. एखाद्या विद्येची श्रीमंती मोजायची असेल तर माझ्या मते आधी ते कपाट मोजावं.

त्या विद्यार्थ्यांच्याही मागे कुणी होतंच. मराठीत ध्वनी किती आणि त्यांची व्यवस्था कशी, हे आधुनिक भाषाविज्ञानाच्या शिस्तीनं मांडणाऱ्यांत अशोक रा. केळकर अग्रभागी. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर त्यांनी १९५८ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच. डी. केली आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्य घालवलं. वाचकांना ते ‘रुजुवात’चे लेखक म्हणून माहीत आहेत. बहिऱ्या मुलाच्या चाचणीचा विचार कदाचित त्यांच्या मनातही नसेल. पण शब्दयादी करायला बसलेल्या मुलीला कुठला ध्वनी स्वतंत्र धरायचा आणि कुठला नाही, हे ठरवताना अशाच कामाचा आधार मिळतो.

काही संशोधन बारक्यासाठी उशिरा आलं. व्हँकूव्हरच्या जॅनेट वर्कर यांनी १९८४ साली दाखवलं होतं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा कळतो, आणि वर्षाच्या आसपास तो फरक त्यांना कळेनासा होतो. जे ऐकू येतं ते मेंदू ठेवतो, जे येत नाही ते सोडून देतो, आणि हे पहिल्याच वर्षात सुरू होतं. १९९८ साली कोलोरॅडोमधून क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. १५० बहिऱ्या मुलांचा त्यांनी अभ्यास केला होता. ज्यांचं बहिरेपण सहा महिन्यांच्या आत कळलं, त्यांची भाषा नंतर कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली निघाली. तो निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून होते. आमचे ताट वाजवण्यात गेलेले दिवस त्या तक्त्यात दिसत होते. तरीही राग आला नाही. त्या निबंधानंतर नवजात बाळांचे कान तपासण्याचा आग्रह जगभर जोरानं धरला जाऊ लागला, आणि बारक्यामागून जन्मलेल्या मुलांना त्याचा उपयोग झाला.

आता आळाबद्दल. बारक्या विशीत आला, परंड्याला मोटार रिवाइंडिंगचं काम शिकला. मोटारीवर तळहात ठेवून बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, हे तो कान असणाऱ्यांच्या आधी सांगतो. लग्नाचं निघालं तेव्हा स्थळ पुन्हा नात्यातलंच आलं. मी अडून बसले की आधी रक्त तपासू. १९९७ साली लंडनच्या संशोधकांनी जन्मजात बहिरेपणामागचं एक मोठं कारण शोधलं होतं: जीजेबी-२ नावाचं जनुक. कॉनेक्सिन-२६ हे प्रथिन कसं बांधायचं, याची माहिती त्यात असते. अंतर्कर्णातल्या पेशी ज्या मार्गांनी एकमेकींशी क्षारांची देवाणघेवाण करतात, ते मार्ग या प्रथिनाचे. भारतात या जनुकात सगळ्यांत जास्त आढळणारा दोष असा की २२६ घटकांच्या त्या प्रथिनाची बांधणी २४ व्या जागीच थांबते. असं जनुक एकाच बाजूनं आलं तर काहीच होत नाही, माणूस आयुष्यभर चांगलं ऐकतो. दोन्ही बाजूंनी आलं तर मूल बहिरं जन्मतं. आणि नवरा-बायको एकाच रक्ताचे असतील तर दोन्ही बाजूंनी तेच येण्याची शक्यता वाढते.

बारक्याच्या दोन्ही बाजूंना नेमका तोच दोष निघाला.

अहवाल घेऊन मी सोनारीला गेले. पानाच्या मागे पेनानं वंशावळ काढली: पणजोबा, त्यांची मुलगी म्हणजे आजी, मुलगा म्हणजे आईचे वडील, मग आमचे वडील आणि आई, मग बारक्या. दोन वाटांनी एकच गोष्ट खाली कशी उतरली, ते बोट ठेवून दाखवलं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

‘म्हंजी म्हशीपायी भाईर गेले त्याचं काय न्हाय?’

‘काहीच नाही आई. त्याच्या आधीच ठरलं होतं.’

ती उठली आणि आतल्या खोलीत आजीकडे गेली. आजीला तेव्हा वयानं कमी ऐकू यायचं, म्हणून आई तिच्या कानाशी मोठ्यानं बोलली. एवढ्या वर्षांत तिला इतक्या मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं. आजी सगळं ऐकून म्हणाली, ‘म्हंजी माझ्या माहेरचंच आलं म्हणायचं की.’ आई म्हणाली, ‘माझं बी तेच म्हायेर हाय, आत्या. कुणाचा दोष न्हाय त्यात.’ मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या. त्या रात्री घरात ग्रहणाचा विषय शेवटचा निघाला. एका इंग्रजी नियतकालिकातल्या काही पानांचं हे काम. त्या संशोधकांनी जनुक शोधलं, पण माझ्यासाठी त्यांनी त्या दोन बायकांमधली गाठ सोडवली. औषध सापडेल तेव्हा सापडेल. कारण सापडणं हासुद्धा उपचार असतो, हे मी त्या घरात पाहिलं आहे. म्हणून आज माझ्यासमोर बसलेल्या आईनं खाली मान घालून ग्रहणाचं, नजरेचं किंवा मागच्या जन्माचं नाव काढलं, तर मी आधी यंत्राबद्दल बोलत नाही, आधी कारण सांगते.

बारक्याचं लग्न नात्याबाहेर झालं. २०१४ साली मुलगी झाली. तिच्या कानात मऊ टोकाची बारीक नळी ठेवली, बाळ झोपलेलंच होतं, आणि काही मिनिटांत पडद्यावर उत्तर आलं. ही तपासणी डेव्हिड केंप यांच्या शोधावर उभी आहे. १९७८ साली लंडनमध्ये त्यांनी दाखवून दिलं की निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, तो आपला एक अतिशय क्षीण आवाज परतही पाठवतो. तो टिपता आला तर बाळाला काही विचारावंच लागत नाही. पोरीचे दोन्ही कान उत्तर देत होते. त्याआधीच्या वर्षी, २०१३ च्या फेब्रुवारीत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच पालघरहून सुरू झाला होता, आणि तपासायच्या विकारांच्या यादीत जन्मजात बहिरेपण होतं. २०१४ पासून केंद्राच्या सुधारित योजनेत लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी सहा लाखांपर्यंतची तरतूद झाली आणि त्या कामाची सूत्रं वांद्र्याच्याच संस्थेकडे आली. बारक्यासारखं मूल आज आमच्या तालुक्यात जन्मलं आणि वेळेवर सापडलं, तर त्याच्यापर्यंत ‘स’ पोचू शकतो. वेळेवर सापडणं मात्र अजून सगळीकडे होत नाही. नळीचं यंत्र आहे आणि चालवणारं माणूस नाही, किंवा माणूस आहे आणि यंत्र दुरुस्तीला गेलेलं, हे मी बघते. त्यावर बोलत राहणं हेही त्या ऋणातच येतं असं मला वाटतं.

सध्या मी आमच्या बाजूच्या, म्हणजे परंडा, भूम, बार्शी या पट्ट्यातल्या लहान मुलांसाठी शब्दयादी करते आहे. मुंबईच्या याद्या हाताशी आहेत, त्यांच्याशिवाय मला सुरुवातही करता आली नसती. चित्रं तयार झाली की मी ती आधी बारक्याला पाठवते, कारण कुठलं चित्र फसवतं ते त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. त्याचं बोलणं आमच्या घरात सगळ्यांना समजतं, बाहेर निम्म्यांना. लिहिणं मात्र स्वच्छ आहे. परवा त्यानं यादी परत पाठवली. ‘वांदर’ ठेवला होता. ‘जातं’ आणि ‘मोट’ खोडले होते आणि समोर लिहिलं होतं, ‘अक्का, हे आता पोरांनी बघितलेलं नाही.’ त्याखाली त्यानं एक शब्द सुचवला होता, ‘चार्जर’. मी तपासून पाहिलं. उच्चारात दोनच अवयव, चित्र काढायला सोपं, आणि सोनारीतल्या तीन वर्षांच्या कुठल्याही लेकराला माहीत. पुढच्या महिन्यात तो शब्द बाकीच्यांबरोबर मुलांवर तपासून बघायचा आहे.